वाचकांचे प्रश्न : व्हिसा त्याचा, संसार दोघांचा

या अंकात सगळी पत्रं एकाच विषयावरची घेतलीयेत, दुसऱ्या देशात जाऊन राहिलेल्या आया आणि घरातली मारहाण. इतके दिवस सुटी सुटी उत्तरं देत होते, पण ती पत्रं एकापाठोपाठ एक वाचली तेव्हा जाणवलं की प्रत्येक पत्रात कुणी ना कुणी बाईच्या विचारांबद्दल बोलतंय, ती जुन्या विचारांची आहे, ती फार नव्या विचारांची झालीये, आणि तिच्या कागदपत्रांबद्दल कुणी अवाक्षर काढत नाहीये. नावं-गावं काढलीयेत, ओळख पटेल असे तपशील बदललेत.

प्रश्न : ताई, मी अमेरिकेत एच-४ वर आहे, म्हणजे नवरा एच-१बी या कामाच्या व्हिसावर आणि मी त्याची बायको म्हणून मिळालेल्या व्हिसावर. दोन मुलं, धाकटी इथेच झाली. लग्नाआधी नोकरी करायचे, इथे परवानगी नाही. मी काही फार मॉडर्न वगैरे नाहीये, घरात शेवटचा शब्द नवऱ्याचा असावा असं मला खरंच वाटतं, आमच्याकडे तसंच होतं आणि कुणाचं काही बिघडलं नाही. पण हे चिडले की हात उचलतात, मग सॉरी म्हणतात. गेल्या महिन्यात गळा धरला, दोन दिवस आवाज बसला होता. मी परत जाते म्हटलं की म्हणतात एक फोन करून तुझा व्हिसा कॅन्सल करतो, मुलं इथेच राहतील. मैत्रीण म्हणते तुझेच विचार जुनाट म्हणून तू सहन करतेस. माझे विचार चुकतायत का? मुलांना घेऊन सरळ भारतात निघून जाऊ का? पासपोर्ट यांच्या कपाटात आहे.

उत्तर : विचारांचं नंतर बघू, आधी गळ्याचं. बाकी पत्रात तुम्ही ते एका ओळीत उरकलंय पण माझ्या दृष्टीने सगळ्यात मोठी गोष्ट तीच आहे. नवऱ्याने किंवा जोडीदाराने एकदा गळा दाबला असेल तर पुढे त्याच्याच हातून जीव जाण्याचा धोका साधारण सातपट वाढतो, असं अमेरिकेतल्याच संशोधनात दिसलंय. बाहेरून खूण बऱ्याचदा दिसत नाही, म्हणून बायकांना वाटतं फार काही झालं नाही. आवाज बसणं, गिळताना दुखणं, डोळ्यात लाल ठिपके येणं, चक्कर येणं, ही आत इजा झाल्याची लक्षणं असू शकतात. परत असं झालं तर त्याच दिवशी डॉक्टरकडे जा आणि काय झालं ते स्पष्ट शब्दांत सांगा, 'पडले' म्हणू नका. आणि मागच्या महिन्याचंही डॉक्टरला सांगून ठेवा, उशीर झाला तरी त्याची नोंद होते.

आता विचार. भारताच्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत एक प्रश्न असतो. बायकोने न सांगता बाहेर जाणं, उलट उत्तर देणं, मुलांकडे दुर्लक्ष करणं, अशी सात कारणं वाचून दाखवतात आणि प्रत्येकाला विचारतात, या कारणासाठी नवऱ्याने मारलं तर योग्य आहे का. २०१९-२१ च्या पाहणीत साधारण ४५ टक्के बायकांनी निदान एका कारणाला हो म्हटलं, आणि पुरुषांपैकी ४४ टक्क्यांनी. म्हणजे तुम्ही काही जगावेगळ्या नाही आहात, आणि हे फक्त आपल्याकडचंच आहे असंही नाही, असेच प्रश्न जगात कितीतरी देशांत विचारले जातात आणि बऱ्याच ठिकाणी बायकांचे होकार पुरुषांपेक्षा जास्त निघतात. मात्र या आकड्यांवरून लोक जो निष्कर्ष काढतात तो मला पटत नाही. लोक म्हणतात, बघा, बायकांनाच मान्य आहे म्हणून मार खातात. ज्यांनी मार खाल्लाय त्या बायका 'योग्य आहे' असं जास्त वेळा म्हणतात हे खरंय, पण आधी काय आणि मागून काय? जिथून उठून जाता येत नाही तिथे रोज राहायचं तर माणूस स्वतःला काहीतरी समजावतोच ना, की माझंच चुकलं असेल, संसारात एवढं तेवढं चालायचंच. तुमचे विचार तुम्हाला मार देत नाहीयेत. घरात शेवटचा शब्द नवऱ्याचा असावा असं मानणाऱ्या लाखो घरांत नवरा गळा धरत नाही. तेव्हा मैत्रिणीला सांगा की विचारांवरची चर्चा पुढच्या वर्षी करू, आत्ता मला लॉयरचा नंबर शोधून दे.

कारण खरं कुलूप व्हिसाचं आहे आणि ते तुम्हाला वाटतं तितकं पक्कं नाही. नवऱ्याने एक फोन केला आणि तुमचं स्टेटस गेलं असं होत नाही. एच-४ संपतो तो घटस्फोट फायनल झाला की, किंवा त्याचाच एच-१बी गेला की. नुसतं वेगळं राहायला लागल्याने संपत नाही. म्हणून घटस्फोटाच्या कुठल्याही कागदावर सही करण्याआधी इमिग्रेशन आणि फॅमिली लॉ दोन्ही समजणाऱ्या लॉयरशी बोला, नुसता घटस्फोटाचा लॉयर पुरत नाही, तो बिचारा त्याचं काम नीट करतो आणि बाईचं स्टेटस जातं. एच व्हिसावरच्या माणसाची बायको छळ झाल्याचं दाखवून स्वतःच्या नावाने कामाच्या परवान्याचा अर्ज करू शकते, फॉर्म आय-७६५व्ही, आणि त्याला नवऱ्याची सही लागत नाही. गंमत बघा, इतकी वर्षं हा फॉर्म आहे आणि एच-४ वरच्या किती बायकांना माहितीये? नवरा ग्रीन कार्डवाला किंवा सिटिझन असेल तर १९९४ च्या 'व्हायोलन्स अगेन्स्ट विमेन ॲक्ट'खाली बायको स्वतःच ग्रीन कार्डसाठी पिटिशन करू शकते, तुमच्या बाबतीत तो एच-१बी वर असल्यामुळे तो रस्ता आत्ता लागू नाही. यू व्हिसा म्हणून एक तिसरा रस्ता आहे, गुन्ह्याची तक्रार करून तपासाला मदत केली तर मिळतो, पण वर्षाला १०,००० चीच मर्यादा आहे आणि रांग वर्षानुवर्षांची, त्यामुळे त्याच्यावर एकट्यावर भिस्त ठेवू नका. छळ झालेल्या बाईने केलेल्या या अर्जांची माहिती इमिग्रेशनवाल्यांनी नवऱ्याला द्यायची नाही असा कायदाच आहे. आणि कोर्टाची प्रोटेक्शन ऑर्डर, म्हणजे त्याने तुमच्यापासून लांब राहावं असा हुकूम, मागायला कुठलाही व्हिसा लागत नाही.

हे सगळं लिहिलं तरी अमेरिकेत इमिग्रेशनची हवा सारखी बदलत असते, त्यामुळे कुठलाही अर्ज टाकण्याआधी त्या आठवड्यातली परिस्थिती लॉयरकडून समजून घ्या, माझ्या उत्तरावर फॉर्म भरू नका.

मुलांना घेऊन निघून जायचं म्हणताय, ते मात्र थांबा. एका पालकाने दुसऱ्याच्या हक्कांच्या आड येऊन मूल देशाबाहेर नेलं तर अमेरिकेत १९९३ पासून तो केंद्रीय गुन्हा आहे. मुलांना पळवून नेण्याबद्दलच्या १९८० च्या हेग करारात भारत नाहीये, त्यामुळे लोक सांगतात जा बिनधास्त, तिथून कोण आणणार. पण तुमच्याच नावावर अमेरिकेत केस उभी राहते आणि मार खाणारी बाई कागदावर मुलं पळवणारी ठरते, मग परत पाऊल ठेवायची सोय राहत नाही. छळ चालू असताना पळालेल्या आईला कायद्यात बचाव आहे पण तो नंतर सिद्ध करत बसावं लागतं. आधी लॉयर, मग कोर्टाकडून मुलांचा तात्पुरता ताबा, मग तिकीट. आणि धाकटी तिथली सिटिझन आहे म्हणून तुम्हाला राहता येईल असं कुणी सांगितलं असेल तर तेही चूक, ती २१ वर्षांची झाल्याशिवाय आईसाठी पिटिशन करू शकत नाही.

पासपोर्ट त्याच्या कपाटात आहे असं तुम्ही शेवटी लिहिलंय. भारतीय पासपोर्ट कायद्याप्रमाणे भारत सरकारची मालमत्ता असतो, नवऱ्याची नाही. तो मागायला भांडू नका, त्याचा फोटो आधीच काढून ठेवा, व्हिसाचं पान, आय-९४ (अमेरिकेत आल्याची नोंद), मुलांचे जन्मदाखले, लग्नाचा दाखला, सगळ्यांचा, आणि ते फोटो तुमच्या दोघांच्या शेअर्ड अकाउंटवर जाणार नाहीत हे बघा. त्याच्या फॅमिली प्लॅनवरचा फोन म्हणजे तुम्ही कुठे आहात हे त्याला दिसू शकतं असं धरून चाला. तिथली राष्ट्रीय हेल्पलाइन १-८००-७९९-७२३३, चोवीस तास, इंटरप्रिटर मागता येतो. न्यू जर्सीतली 'मानवी' १९८५ पासून आणि न्यूयॉर्कची 'सखी' १९८९ पासून दक्षिण आशियाई बायकांसाठीच काम करतायत, त्यांना एच-४ म्हणजे काय हे पहिल्यापासून समजावून सांगावं लागत नाही. फोन मैत्रिणीच्या मोबाइलवरून करा.

प्रश्न : मी यूकेत नर्स आहे, व्हिसा माझा आहे, नवरा माझा डिपेंडंट म्हणून आला. तिकडे तो चांगल्या पोस्टवर होता, इथे त्याला मनासारखं काम मिळत नाही, सध्या वेअरहाऊसमध्ये शिफ्ट करतो. आधी कधी हात लावला नव्हता, इथे आल्यापासून सुरू झालं. पगार झाला की कार्ड घेतो, खर्चाचा हिशोब मागतो, नाइट ड्यूटी असली की दहा वेळा व्हिडिओ कॉल, वॉर्ड दाखव म्हणतो. मला त्याची दया येते, पुरुषासारख्या पुरुषाला बायकोच्या जिवावर राहावं लागतंय. मी ड्यूटी कमी केली तर शांत होईल का?

उत्तर : नाही होणार. तुम्ही ड्यूटी कमी कराल, मग तो म्हणेल एवढीच का केली, मग घरी बसाल, आणि मग व्हिसाच तुमच्या नोकरीवर असल्यामुळे दोघंही अडचणीत.

तुमच्या पत्रात एक फार नेमकी गोष्ट आलीये, आधी कधी हात लावला नव्हता. स्थलांतरित आणि निर्वासित कुटुंबांवर काम करणारे लोक हे वर्षानुवर्षं सांगतायत, की दुसऱ्या देशात गेल्यावर बाईला काम पटकन मिळतं, नर्सिंग, केअर, साफसफाई, मुलं सांभाळणं, आणि पुरुषाची डिग्री तिथे कुणी विचारत नाही. बाई बाहेर पडते, भाषा शिकते, चार लोकांत बोलते आणि घरात कुणी काय करायचं याबद्दलचं तिचं मत हळूहळू सरकतं. त्याचं मत सरकत नाही, कारण सरकण्यात त्याचा फायदा काहीच नाही. जोखीम वाढते ती या दोघांच्या मतांत अंतर पडलं की. दोघंही जुन्या पद्धतीचे असले किंवा दोघंही नव्या, तर त्या मानाने भांडण कमी पेटतं, आणि तुमच्याकडे तर गंमत अशी की मत तुमचंही फारसं सरकलेलं नाही, 'पुरुषासारख्या पुरुषाला' हे तुम्हीच लिहिलंय, सरकलाय फक्त पगार, आणि त्याला तेवढंही सोसेना.

पण ते समजलं म्हणून माफ करायचं असं नाही हं. वेअरहाऊसमध्ये सुपरवायझर त्याचा रोज अपमान करत असेल, त्याला तो मारतो का? शिफ्ट संपेपर्यंत राग सांभाळतो, घरी आला की सोडतो, म्हणजे सांभाळता येतो त्याला. त्याच वेअरहाऊसमध्ये त्याच्यासारखीच डिग्री असलेले आणखी लोक असतील, सगळे बायकांचं कार्ड काढून घेत नाहीत.

आणि तुम्ही मारहाणीबद्दल विचारलंत पण कार्ड आणि व्हिडिओ कॉलबद्दल विचारलं नाहीत, जणू ते चालतंच. इंग्लंड आणि वेल्समध्ये २०१५ च्या सीरियस क्राइम ॲक्टच्या कलम ७६ नुसार जोडीदारावर असा सतत ताबा ठेवणं हाच गुन्हा आहे, हात न लावतासुद्धा, पाच वर्षांपर्यंत शिक्षा आहे. पगाराचं खातं फक्त तुमच्या नावावर असू द्या, एचआरला सांगून पुढचा पगार नव्या खात्यात वळवा, ते आधी करा आणि मग घरात सांगायचं की नाही ते ठरवा. हेल्पलाइन ०८०८ २००० २४७, फुकट आहे. लंडनच्या 'साउथॉल ब्लॅक सिस्टर्स'ना १९७९ पासून आपल्याकडच्या बायकांच्या केसेसचा अनुभव आहे. तुमच्या वॉर्डातही घरगुती छळ ओळखायचं ट्रेनिंग झालेलं कुणीतरी असेलच, दुसऱ्या पेशंटला तुम्ही जो नंबर देता तो स्वतःसाठी वापरायला लाज कसली.

दोघांनी मिळून काउन्सेलिंगला जा असं कुणी सुचवलं तर मारहाण चालू असेपर्यंत जाऊ नका. काउन्सेलरसमोर तुम्ही खरं बोलाल आणि त्याचा हिशोब घरी चुकवावा लागेल.

प्रश्न : मुलाकडे परदेशात सहा महिने राहून आले. सुनेला तिकडे जाऊन पंख फुटलेत. मुलाने रागाच्या भरात एक चापट मारली तर तिने पोलीस बोलावले, माझ्यासमोर माझ्या मुलाला बेड्या. आम्ही नाही का सहन केलं? मला उलट बोलली म्हणूनच त्याचा तोल गेला. तिला समजवायला दोन शब्द लिहा.

उत्तर : काकू, दोन शब्द लिहिते पण ते तुमच्या मुलासाठी असतील.

वर ज्या पाहणीचं सांगितलं त्यात सात कारणांपैकी कुठल्या कारणाला सगळ्यात जास्त होकार आला माहितीये? सासरच्यांचा मान राखला नाही. साधारण ३२ टक्के बायकांनी म्हटलं की त्यासाठी मारलं तर योग्य आहे. तुम्हीही त्यातल्याच एक निघालात. तुम्ही सहन केलं याचं मला खरंच वाईट वाटतं, तेव्हा तुमच्यासमोर दुसरा रस्ता नव्हता. तिच्यासमोर आहे, आणि तो तिने घेतला तर त्यात तुमचा अपमान नाहीये.

मुलाला सांगा की अमेरिकेतल्या बऱ्याच राज्यांत पोलिसांना मारहाणीचं सबळ कारण दिसलं तर अटक करावीच लागते, बायको 'जाऊ द्या' म्हणाली तरी. आणि नागरिक नसलेल्या माणसावर घरगुती हिंसाचाराचा गुन्हा शाबीत झाला तर १९९६ पासून त्याला देशाबाहेर काढता येतं. तो दुसऱ्या देशात असेल तर तिथलं त्याने बघावं, पण कुठल्याच देशात 'आई समोर होती, बायको उलट बोलली' हा बचाव चालत नाही. त्याने त्याचा लॉयर गाठावा, तिला फोन करून केस मागे घे म्हणून विनवण्या करू नयेत, आणि तुम्ही तर मुळीच करू नका, ऑर्डर निघाली असेल तर असा निरोप पोहोचवणं म्हणजे त्याच्यावर आणखी एक केस. नातवंडांना भेटायचं असेल तर सुनेशी नीट बोला, ती दार बंद करेल असं मला वाटत नाही.

प्रश्न : मी युरोपात राहते, आठवड्यातून एकदा निर्वासित कुटुंबांच्या सेंटरवर व्हॉलंटियर म्हणून जाते. अफगाण, सीरियन, सोमाली आया येतात. हॉस्पिटलमध्ये किंवा ऑफिसात बऱ्याचदा नवरा नाहीतर दहा-बारा वर्षांचा मुलगाच भाषांतर करतो. एका बाईच्या हातावर वळ बघितले, विचारलं घरी हिंसाचार होतो का, ती हसून नाही म्हणाली. या बायका बोलत का नाहीत, निघून का जात नाहीत? त्यांची संस्कृतीच तशी आहे असं स्टाफ म्हणतो.

उत्तर : संस्कृती म्हटलं की काम संपतं, म्हणून स्टाफला तो शब्द आवडतो. आपल्या बायकांबद्दलही बाहेर हेच बोललं जातं हे विसरू नका. जागतिक आरोग्य संघटनेचा २०२१ चा अंदाज आहे की जगात साधारण तीनातल्या एका बाईने आयुष्यात कधी ना कधी शारीरिक किंवा लैंगिक हिंसाचार सोसलाय, बहुतेक वेळा जोडीदाराकडूनच, त्यात सगळ्या खंडांच्या बायका आल्या.

तुमचा प्रश्न तिला कुणी ऐकवला ते आधी बघा. मुलगा भाषांतर करत होता ना? दहा वर्षांच्या पोराने आईला विचारायचं की बाबा तुला मारतात का, आणि तिचं उत्तर परक्या माणसाला सांगायचं. ती हसणारच. मुलाला कधीही इंटरप्रिटर करू नका, या विषयासाठी तर नाहीच, नवऱ्यालाही नाही, आणि त्याच समाजातली ओळखीची बाईही नको, छोट्या समाजात बातमी संध्याकाळपर्यंत घरी पोहोचते. फोनवरचा, दुसऱ्या शहरातला, बाई इंटरप्रिटर मागा, आणि बाईचं नाव त्या फोनवर घेऊ नका. नवऱ्याला बाहेर कसं काढायचं? सगळ्यांनाच एकेकटं भेटायचा इथला नियम आहे असं सांगा आणि तो नियम खरंच सगळ्यांना लावा, एकाच कुटुंबाला लावलात तर संशय येतो.

मग प्रश्न. 'हिंसाचार होतो का' असं विचारलं की बऱ्याच बायका नाही म्हणतात, कारण थप्पड म्हणजे हिंसाचार असं त्यांच्या हिशेबात बसत नाही. पाहण्या करणारे लोक म्हणून कृती विचारतात, ढकललं का, केस ओढले का, वस्तू फेकली का, गळा धरला का, पैसे काढून घेतले का, कागद लपवले का, तुमची इच्छा नसताना जवळ आले का. सगळ्यांनाच विचारते असं म्हणून एकेक कृती विचारा, आणि वळ कशाचे असं कधी विचारू नका, त्याला उत्तर तयार असतं.

निघून का जात नाहीत याला कारणं रोकडी असतात. तिच्या देशात पोलीस म्हणजे संकट, ती पोलिसांकडे कशी जाईल. आसऱ्याचा अर्ज बऱ्याचदा नवऱ्याच्या नावाने झालेला असतो आणि तिचा स्वतःचा धोका, बलात्कार, जबरदस्तीचं लग्न, काहीच कुणी लिहून घेतलेलं नसतं, म्हणून तिला वाटतं तो सोडला की देश सोडावा लागेल. माहेर नाही, कुठल्यातरी छावणीत किंवा तिसऱ्याच देशात आहे. आणि युद्धातून मुलांना जिवंत बाहेर काढलेल्या बाईला नवरा हाच त्या सगळ्या आठवणींचा एकमेव साक्षीदार असतो, हे आपल्याला बाहेरून कळत नाही.

यावर काय करायचं ते संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासित संस्थेने २००१ मध्येच ठरवलं होतं. निर्वासित बायकांसाठी त्यांनी पाच वचनं दिली, त्यात घरगुती हिंसाचाराविरुद्ध धोरण होतंच, पण त्याच यादीत होतं की प्रत्येक बाईची नोंद तिच्या स्वतःच्या नावाने व्हावी आणि तिचा स्वतःचा कागद तिच्या हातात असावा, आणि अन्नवाटपात बायकांचा हात असावा. विचार बदला अशी शिबिरं घ्या असं पहिल्यांदा नाही म्हटलं, कागद आणि रेशन म्हटलं. मला ते एकदम पटतं. बांगलादेशातल्या रोहिंग्या छावण्यांत नंतर बारा वर्षांवरच्या प्रत्येकाला, मुलींनाही, वेगळं ओळखपत्र दिलं गेलं. हातात स्वतःचा कागद आला की बाई लगेच नवरा सोडते असं नाही, बऱ्याच जणी सोडत नाहीत, पण घरातलं बोलणं बदलतं, आणि 'बाईने सहन करावं' हे वाक्य तिच्या तोंडून हळूहळू कमी ऐकू यायला लागतं. माझा अनुभव तरी असाच आहे की मत मागाहून बदलतं.

तेव्हा तुमच्या सेंटरवर एवढं बघा की प्रत्येक आईची फाइल वेगळी आहे का, आणि तिची मुलाखत एकटीची झालीये का. बायकांवरच्या हिंसाचाराविरुद्धच्या युरोपातल्या इस्तंबूल कराराच्या कलम ५९ मध्ये छळ झालेल्या बाईला नवऱ्यापासून वेगळा राहण्याचा परवाना द्यायची तरतूद आहे, तुमच्या देशाने तो करार मान्य केलाय का आणि या कलमावर हरकत ठेवलीये का ते तिथल्या लीगल एडवाल्यांना विचारून सेंटरच्या भिंतीवर तिच्या भाषेत लावा, बायकांच्या टॉयलेटच्या दाराला आतून.

प्रश्न : मी सतरा वर्षांची आहे, कॅनडात राहते. बाबा आईला मारतात. आई म्हणते तुमच्यासाठी राहिलेय. मला याचा खूप राग येतो, मी तिला सांगितलं आमचं नाव पुढे करू नकोस. ती रडली. तिचं पीआर (कायम राहण्याचा परवाना) अजून झालेलं नाही. मी काय करू?

उत्तर : राग येणं साहजिक आहे, पण तो तिच्यावर काढू नकोस, तुमचं नाव हे तिच्याकडे असलेलं एकमेव कारण आहे जे घरात कुणी खोडून काढत नाही, म्हणून ती ते पुढे करते. 'निघ' म्हणण्यापेक्षा तिला एक माहिती दे. कॅनडात जुलै २०१९ पासून घरगुती छळ सोसणाऱ्या आणि पीआर नसलेल्या जोडीदाराला वेगळा टेम्पररी रेसिडेंट परमिट मिळू शकतो, निदान सहा महिन्यांचा, फी नाही, आणि त्यावर कामाचा परवाना मागता येतो. मुलांनाही त्यात घेता येतं. तिला हे कदाचित माहीतच नसेल. लीगल एडचा नंबर शोधून तिला तोंडी सांग, मेसेज करू नकोस.

मारामारी चालू असताना मध्ये पडू नकोस, धाकटं भावंड असेल तर त्याला घेऊन दुसऱ्या खोलीत जा आणि ९११ लाव, पत्ता सांग, फोन चालू ठेव. घरात पत्ता म्हणायची भीती वाटत असेल तर बाहेर जाऊन लाव. शाळेतल्या काउन्सेलरशी बोलायला हरकत नाही, फक्त एक आधी माहीत असू दे, मुलं घरातली मारहाण बघतायत असं कळलं की काउन्सेलरला बालसंरक्षण खात्याला कळवावं लागू शकतं. ते लोक आले म्हणजे मुलांना घेऊनच जातात असं नसतं, पण आईला अचानक धक्का बसायला नको म्हणून तू कुणाशी बोलणार आहेस ते तिला आदल्या दिवशी सांग. बाबांना नाही.